मंत्रिमहोदय, तुमच्या यादीत घुंगरू नाही

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी समावेशित शिक्षणातली, म्हणजे साध्या शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठीची, फिरती विशेष शिक्षिका. कंत्राटी, चौदावं वर्ष चालू आहे. माझ्याकडे 31 शाळा आणि 46 मुलं. गेल्या मंगळवारी आढावा बैठकीत माझा एक आयईपी सगळ्यांसमोर परत केला गेला. आयईपी म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा: या दिव्यांग मुलाला या वर्षी काय शिकवायचं, कसं आणि कोणी, हे ज्यात लिहायचं असतं तो कागद. शेरा होता, 'उद्दिष्ट नमुन्यात नाही. यादीतून निवडा.' तो आराखडा ज्या मुलीचा होता तिच्याबद्दल सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

तिला चिऊ म्हणू. वय 9, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नाही), बोलता येत नाही, डावा हात तेवढा बरा उचलते. जुलैत निरोप आला, दोन दिवसांत सगळे आराखडे जमा करा. मुलाला नीट बघायचं, आईशी बोलायचं, वर्गशिक्षकांना विचारायचं आणि मग लिहायचं, तर एकाला चार तास लागतात. म्हणजे 184 तासांचं काम दोन दिवसांत. मग सगळे करतात तेच मीही केलं. पेन ड्राइव्हमधली जुनी फाइल उघडली, नाव बदललं, वय बदललं, प्रिंट काढली. सहीसाठी चिऊच्या घरी गेले. तिची आई सातवी शिकलेली. ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली, 'विद्यार्थिनी आधाराशिवाय पायऱ्या चढेल.' पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाई, आमच्या घराला पायरीच न्हाई. आन ही तर बसत बी न्हाई."

मी कागद काढून घेतला. त्याची लाज अजून जात नाही.

त्या दिवशी पुढच्या दोन शाळा सोडल्या आणि तिथंच बसले. आई सकाळी खुरपायला जाते. घरी आजी, तिला मोतीबिंदू. चिऊला लघवी लागली की ती रडते, पण भूक लागली तरी रडते आणि अंगावर माशी बसली तरी रडते. आजीला काय कळणार? दिवसातून चार-पाचदा कपडे ओले, मांड्या सोललेल्या. बैलाच्या जुन्या माळेतलं एक घुंगरू आम्ही खाटेला डाव्या अंगाला बांधलं. आजीला दिसत नाही, पण ऐकू नीट येतं. आराखड्यात मी लिहिलं: 'सध्या: लघवी लागल्यावर फक्त रडते. डिसेंबरअखेर: दहापैकी सात वेळा घुंगरू वाजवून आजीला बोलावेल. सराव: आई आणि आजी, रोज. विशेष शिक्षिका, आठवड्यातून एकदा. नोंद: भिंतीवर कोळशाची रेघ.'

हा आराखडा परत आला, साहेब. यादीत घुंगरू नाही म्हणून त्या पोरीनं रडत राहायचं का?

यादीत काय आहे ते सांगते. 'रंग ओळखेल.' 'एक ते वीस अंक म्हणेल.' 'सामाजिक कौशल्ये सुधारतील.' किती सुधारतील, कशावरून कळणार, कोण मोजणार, यातलं काही नाही. मोजायची सोयच नसल्यामुळे तेच उद्दिष्ट दर वर्षी पुढच्या फाइलीत उतरतं. एका मुलाच्या नावावर मला सलग तीन वर्षं 'रंग ओळखेल' सापडलं. तो पोरगा मामाच्या किराणा दुकानात मागितली ती पुडी रंगावरून बरोब्बर काढून देतो. कोणी बघायला गेलं असतं तर दिसलं असतं.

माझ्या सोबतिणी कामचुकार नाहीत. आम्हाला हे लिहायला नीट शिकवलंच नाही. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचे अभ्यासक्रम प्रवर्गवार, म्हणजे अपंगत्वाच्या प्रकारानुसार वेगळे असतात, माझं डी.एड. कर्णबधिर प्रवर्गातलं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. माझ्या 46 मुलांत कर्णबधिर पाच. स्वमग्न मुलाचं, बहुविकलांग मुलाचं उद्दिष्ट कसं ठरवायचं हे मी कोणाकडून शिकायचं? दोन वर्षांपूर्वी वरून आलेल्या अधिकाऱ्यांनी भर बैठकीत शब्द दिला होता, दिवाळीच्या आत प्रत्यक्ष मुलांसोबत प्रशिक्षण देऊ. दोन दिवाळ्या गेल्या. मिळालं काय, तर दीड तासाचं ऑनलाइन सत्र, तेही निम्मं रकाने कसे भरायचे यावर.

आम्हाला जाणता माणूस द्या, जो आमच्याबरोबर एसटीनं वाडीवर येईल, मुलाला बघेल आणि आमचाच आराखडा समोर ठेवून कुठं चुकलं ते सांगेल. फिजिओथेरपिस्ट आणि वर्गशिक्षक सत्रातून एकदा तरी आईसोबत एका सतरंजीवर बसू देत. आणि उद्दिष्टाचा रकाना मोकळा सोडा. एवढंच मागायला बसले होते, पण आता राहवत नाही.

माझा मुलगा डेंग्यूनं दवाखान्यात होता तेव्हा त्याच्या सलाइनखाली बसून मी याच मुलांची माहिती मोबाइलवर चौथ्यांदा भरली, कारण आधीची तीनदा 'दिसत नाही' म्हणे. बँकेनं घराचं कर्ज दोनदा नाकारलं, माझी ऑर्डर मुदतीची आहे म्हणून. पावसाळ्यात ओढा ओलांडून जाते, गुडघा गेला, डॉक्टर म्हणतात चालणं कमी करा. 31 शाळा, कशा कमी करू? सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि केंद्रानं जून 2022 मध्ये ते ठरवलं: प्राथमिकला 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला 15 मुलांमागे एक. मी एकटी 46 ना पुरते आहे असं मानून तुमचे तक्ते हिरवे होतात.

2016 च्या कायद्याचं कलम 16 म्हणतं, प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवा. ठेवतं कोण? डिसेंबर 2022 मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला. विशेष शाळा त्यांच्याकडे, जिल्हा परिषदेच्या शाळा तुमच्याकडे. निवासी विशेष शाळेतून एक मुलगा माझ्या शाळेत आला, सोबत फक्त दाखला. तिथं चार वर्षांत त्याला काय यायला लागलं, कशानं तो बिथरतो, याचा एक कागद नाही. विचारलं तर दोन्हीकडून उत्तर एकच, ते आमच्या खात्याचं नाही. पोरगं तर एकच आहे ना? तेच पोरगं 3 डिसेंबरला दिव्यांग दिनाच्या रॅलीत पुढे उभं केलं जातं, फोटोपुरतं. तेव्हा मात्र ते सगळ्यांचं असतं.

शुक्रवारी चिऊकडे गेले होते. भिंतीवर दहा वेळांपैकी चार रेघा होत्या. आजीनं हात लावून लावून मोजून दाखवल्या.

दुरुस्ती करून आराखडा पाठवायची उद्या शेवटची तारीख आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही. तोच पुन्हा पाठवते आहे.

आपली,
एक फिरती विशेष शिक्षिका