गोल्फच्या तक्त्यातला 'मोकळे' रकाना

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आपल्या स्कॉटलंडच्या सहलीचा तुझा तक्ता मिळाला. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला. हिरवे चौकोन म्हणजे तुमचे टी टाइम, खेळ सुरू करायच्या वेळा, एवढं कळलं. बाबांच्या नावापुढे त्यांचा हँडिकॅपही, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, लिहिलायस, त्यामुळे स्वारी खूश आहे. शेवटचा रकाना 'फॅमिली' नावाचा आहे आणि त्यात रोज एकच शब्द: 'मोकळे'. म्हणजे मी, सायली आणि तुमची पोरं, ईरा आणि कबीर, यांनी समुद्राच्या वाऱ्यात कुडकुडत तुमची वाट बघायची.

गोल्फशी माझं वैर नाही. बाबांची सगळी नोकरी छावण्यांत गेली आणि छावणीत दुसरं काही असो-नसो, नऊ होलचं मैदान असायचंच. पण निलगिरीत त्यांच्या स्पर्धेला जोडून आपण 'सहल' केली होती ती तुला आठवणार नाही, तू फार लहान होतास. क्लबहाउसच्या व्हरांड्यात बसून तू आणि मी काकडीची सँडविचं खाल्ली आणि पाऊस बघितला. उटीचं तळं मी अजून पाहिलेलं नाही. सायलीवर तीच पाळी येऊ नये म्हणून तो रकाना मीच भरायला घेतला. भरताना तुमचे काही हिरवे चौकोन सरकवावे लागले, त्याला इलाज नाही.

आधी तारखा. तू ऑगस्टचा दुसरा आठवडा धरलायस, तो सोड. मे महिन्याच्या शेवटी तिकडे लीड्सला मुलांना आठवडाभर सुट्टी असते ना, ती धर. स्कॉटलंडच्या शाळा तेव्हा बहुतेक चालू असतात, त्यामुळे गावांत रेटारेटी कमी. ऑगस्टात एडिंबराचे मोठे महोत्सव असतात आणि आसपासच्या खोल्यांचे भाव विचारायची सोय राहत नाही. शिवाय ईराला पफिन बघायचाय. हे पक्षी वसंतात बेटांवर येतात, बिळात अंडं घालतात आणि जुलै सरता सरता पुन्हा समुद्रावर निघून जातात. ऑगस्टात गेलो तर तिला फक्त दुकानातला कापडी पफिन दिसेल. आणि मेअखेरीस पुण्यात काय तापत असतं ते मी तुला सांगायला नको.

तुमचंही त्यात नुकसान नाही. त्या दिवसांत तिथे पहाटे साडेचारच्या सुमाराला उजाडतं आणि सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. एका फेरीला चार-साडेचार तास लागतात. सकाळी सातला सुरू केलीत तर जेवायला घरी. नाहीतर चार वाजता चहा घेऊन निघा, उशिराच्या वेळेला पुष्कळ मैदानांची फीही कमी असते. दिवसाला एकच फेरी, तीही दिवसाच्या एका टोकाला, म्हणजे मधला दिवस सगळ्यांचा. दोन फेऱ्यांचा बुधवार मी खोडलाय. तिकडे बहुतेक मैदानांवर गाडीत बसून हिंडत नाहीत, पायी चालावं लागतं, तेव्हा बाबांना त्यांच्या गुडघ्याचं कारण सांग. माझं नाव मध्ये आणू नकोस.

मुक्काम सेंट अँड्र्यूजला नको, नॉर्थ बेरिकला करू. सेंट अँड्र्यूजला आता रेल्वे जात नाही, 1969 मध्ये ती बंद झाली. ल्यूकर्सला उतरून बस धरावी लागते. नॉर्थ बेरिकला एडिंबराहून लोकल अर्ध्या तासात येते, आणि तू लीड्सहून गाडीने येणार तर एडिंबराच्या अलीकडेच वळायचं. गाव एवढंसं आहे. स्टेशन, बंदर, दोन पुळणी आणि तुमचं वेस्ट लिंक्सचं गोल्फ मैदान, सगळं चालत. म्हणजे तुम्ही खेळायला गेलात तरी गाडीची किल्ली सायलीकडे राहील. वेस्ट लिंक्सच्या तेराव्या होलला ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, तोंडाशीच दगडी गडगा आहे आणि 'रेडान' नावाच्या पंधराव्या होलची नक्कल जगभरच्या मैदानांनी केली आहे, हे मला बाबांनी जेवताना, मीठ-साखरेच्या डब्या मांडून दाखवलं. तेव्हा त्यांची ना नाही.

आता माझं सगळ्यात लाडकं. त्याच गावात मुलांचं म्हणून एक वेगळं नऊ होलचं मैदान आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचं. तिथे मोठ्या माणसाला एकट्याने खेळता येत नाही, सोबत लहान मूल असेल तरच. हे वाचून मी एकटीच हसले. तू आणि बाबा हँडिकॅपचे दाखले घेऊन उभे राहाल आणि आत न्यायचं की नाही ते ईरा ठरवेल. सोमवार सकाळचा हिरवा चौकोन तिथे हलवलाय. कबीरला फक्त पटर, चेंडू हलकेच ढकलायची काठी, द्या, बाकीच्या काठ्या त्याच्या हाती नकोत. दिवाळीत त्याने बाल्कनीतल्या कुंडीचं काय केलं ते मी पाहिलंय.

त्याच दिवशी दुपारी होडी. बंदराजवळ 2000 साली उघडलेलं सागरी पक्ष्यांचं केंद्र आहे, तिथून बास रॉक आणि क्रेगलीथ या बेटांकडे फेऱ्या जातात. बास रॉक हा एका जुन्या ज्वालामुखीचा गाभा, समुद्रातून सरळ उभा राहिलेला. लांबून त्याचा माथा पांढरा दिसतो, तो गॅनेट पक्ष्यांमुळे आणि त्यांच्या विष्ठेमुळे. दीड लाखावर गॅनेट तिथे मोजले गेले होते. 2022 च्या बर्ड फ्लूने त्यांची फार वाताहत केली, तरी जे उरलेत ते बघायला होडी लागतेच. गॅनेट पंख मागे ओढून उंचावरून माशावर सूर मारतो तो क्षण ईराला फोनमधून बघू देऊ नका, फोन खिशात ठेवायला सांगा. पफिन क्रेगलीथवर. तिथली गोष्ट तिला आधी सांगून ठेव: ट्री मॅलो नावाचं झाड बेटभर माणसाच्या वर उंच माजलं, बिळांची तोंडं बुजली आणि पफिन दिसेनासे व्हायला लागले. मग 2007 पासून स्वयंसेवक हिवाळ्यात होडीने जाऊन ते छाटत आले. त्यामुळे पफिन परत घरटी करू लागले.

मंगळवार तुझ्या मित्राने म्युरफील्डच्या गोल्फ क्लबात मिळवलाय. तिथे पाहुण्यांना ठरलेल्या दिवशीच घेतात आणि जेवणासकट अख्खा दिवस जातो, हे मला माहीत आहे. जा. पण हेही ऐकून जा. ज्या क्लबने 1744 मध्ये गोल्फचे पहिले तेरा नियम लिहून काढले, त्याला बायका सभासद चालतील हे ठरवायला 2017 उजाडावं लागलं. 2016 मध्ये मतदान फसलं होतं, तेव्हा ओपन ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा तिथे होणार नाही असं सांगितल्यावर पुढच्या वर्षी मन वळलं. दोन्ही घटनांमध्ये काही संबंध आहे का ते तूच ठरव.

त्या दिवशी मी, सायली आणि मुलं लोकलने मसेलबराला जाणार. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत तिथे नऊ होलचं जुनं मैदान आहे. 1874 ते 1889 या काळात सहा वेळा ओपन तिथे झाली. गोल्फचा होल सव्वाचार इंच रुंद असतो, ते मापही तिथल्याच होल पाडायच्या एका जुन्या हत्याराचं. पण मी जाणार ते दुसऱ्याच कारणासाठी. 1811 च्या जानेवारीत तिथल्या क्लबने गावच्या मासेविक्या बायकांची गोल्फ स्पर्धा ठेवली होती. पहिलं बक्षीस मासळीची नवी टोपली, शिवाय रेशमी रुमाल. त्या बायका ओझं पाठीवर घेऊन मैलोन् मैल चालत एडिंबराला मासे विकायला जात. हर्णैच्या बंदरावर पाटी डोक्यावर घेऊन तरातरा चढण चढणाऱ्या आमच्या कोळणी तुला आठवत असतील. त्यांच्या हातात कुणी काठी दिली असती तर चेंडू थेट दाभोळला गेला असता. तिथे हिकरीच्या लाकडी दांड्यांच्या जुन्या काठ्या भाड्याने मिळतात. सायली म्हणाली, आपण दोघी खेळूया. मी हो म्हटलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आता रविवार. तू रविवारी 'सेंट अँड्र्यूज, ओल्ड कोर्स?' असं प्रश्नचिन्ह घालून लिहिलंयस. अरे, ओल्ड कोर्स हे तिथलं जुनं मैदान रविवारी बंद असतं. मोठी स्पर्धा असेल तेव्हाच काय ते उघडतात. एरवी हिरवळीला विसावा, आणि गाव त्यावर फिरायला येतं, कुत्री, मुलं, म्हाताऱ्या, सगळे. म्हणून रविवार तसाच ठेव, प्रश्नचिन्ह काढ. सगळे मिळून जाऊ. आपण सहाजण एकाच मैदानावर एकाच वेळी, असं आयुष्यात पहिल्यांदा होईल आणि त्याला फी नाही. मैदानातल्या स्विल्कन पुलावर बाबांचा फोटो काढू, सगळेच काढतात, त्यात लाजायचं काय. ईराला एक कोडं घाल: तिथे सात ग्रीन दोन-दोन होलना सामाईक आहेत, त्या जोड्यांचे आकडे मिळवून बघ म्हणावं. दोन आणि सोळा, तीन आणि पंधरा, कुठलीही जोडी घे, अठराच येतात. जवळच 'हिमालयाज' नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन आहे. 1867 पासून ते बायकांच्या क्लबचं आहे, आणि थोड्या पौंडांत कुणालाही खेळू देतात. त्याच्या वेळा तेवढ्या बघून ठेव.

कॅथेड्रलच्या पडक्या भिंतींच्या आत मॉरिस बापलेकांच्या कबरी आहेत, तिथेही जायचंय. धाकटा टॉम मॉरिस ओपन चार वेळा लागोपाठ जिंकला. 1875 च्या सप्टेंबरात बापलेक नॉर्थ बेरिकला सामना खेळत होते, आणि खेळ संपत आलेला असताना तार आली की घरी धाकट्याची बायको अडली आहे, ताबडतोब या. रेल्वेने फिरून जायला फार वेळ लागला असता म्हणून कुणीतरी आपली शिडाची होडी दिली आणि ते खाडी ओलांडून निघाले. घरी पोचेपर्यंत बायको गेली होती, बाळही. त्याच नाताळच्या दिवशी तोही गेला, चोविसाव्या वर्षी. तीच खाडी आपण क्वीन्सफेरीच्या पुलावरून गाडीने ओलांडू, घरापासून घरापर्यंत दीड-पावणेदोन तास. परतताना अँस्ट्रदरला थांबून हॅडक मासा खाऊ. सायलीसाठी काय मिळेल ते आधी विचारून घे. दरवेळी तिला नुसते बटाट्याचे काप खायला लावायचे हे बरं दिसत नाही.

ओल्ड कोर्सवर खेळायचंच असेल तर बॅलट, म्हणजे नावांची सोडत. दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं घालायची, संध्याकाळपर्यंत कळतं. निदान दोघं हवेत आणि हँडिकॅपचा दाखला जवळ हवा. गुरुवारसाठी मंगळवारी घाला, शुक्रवारसाठी बुधवारी. उन्हाळ्यात एका माणसाची फी तीनशे पौंडांच्या वर आहे, ती बाबांच्या पेन्शनमधून जाणार नाही, तुझ्याकडून वाढदिवसाची भेट समज. नाव नाही निघालं तर वेस्ट लिंक्स किंवा गलनचं मैदान आहेच. आणि 'पुढच्या खेपेला बघू' म्हणून 2027 चा जुलै डोक्यात ठेवू नकोस. तेव्हा ओपन सेंट अँड्र्यूजलाच आहे, गावात पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

बुधवार मी खरोखरच रिकामा ठेवलाय. त्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये समुद्रावरून दाट धुकं चाल करून येतं, हार म्हणतात त्याला. उबदार हवा थंड पाण्यावरून आली की होतं. ते आलं तर पफिन नाही आणि चेंडूही नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवसाचं काम बुधवारी करू. लख्ख राहिलं तर गावामागचा नॉर्थ बेरिक लॉ चढू, 187 मीटर, मुलांना झेपेल, माथ्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे. खरी हाडं कुजली म्हणून आताची फायबरची आहे, पण हे कबीरला सांगू नका.

घर भाड्याने घे, हॉटेल नको, मला सकाळी माझ्या हातचा चहा लागतो. खालच्या मजल्यावरची एक खोली हवी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो, त्याहून आधी नाही, म्हणून तुझं निमंत्रणाचं पत्र आणि पगाराचे कागद फेब्रुवारीअखेर इकडे येऊ देत. बाबांचा दाखला क्लबकडून मी मागवलाय. वाऱ्याचे कोट तिकडेच घेऊ, इथले रेनकोट त्या वाऱ्यात टिकणार नाहीत.

तक्ता सुधारून पाठव, आणि या खेपेस अक्षर मोठं ठेव. बॅलटला नावं घालायचं काम मात्र सायलीकडे दे. सोसायटीच्या भिशीत तुझ्या बाबांची चिठ्ठी कधी पहिली निघालेली नाही आणि तू त्यांच्यावर गेलायस.

तुझी,
आई