तंबोऱ्याची जवारी लावून देणाऱ्या चाचांना अनावृत पत्र

आदरणीय चाचा यांस,
सादर नमस्कार.

श्रावणातल्या त्या शनिवारी सांगलीत आमच्या वाचनालयाच्या माडीवर जी बैठक झाली, तिच्या शेवटी आभार मानताना आपले नाव घेऊ नये, असे आपण बजावले होते. आपल्या शब्दाचा मान राखून त्या रात्री आम्ही गप्प राहिलो आणि आजही या पत्रात आपले नाव लिहीत नाही. परंतु त्या संध्याकाळी आपण काय केलेत, हे बैठकीला आलेल्या प्रत्येक श्रोत्याला कळलेच पाहिजे, असे आम्हा सर्वांना मनापासून वाटते.

गायिका परगावाहून दोन तंबोरे घेऊन आल्या होत्या. प्रवासात धक्का बसून त्यांतल्या एकाची घोडी, म्हणजे भोपळ्यावरची तारा टेकण्याची पट्टी, जागेवरून सरकली होती, दोन खुंट्या ढिल्या पडल्या होत्या आणि पावसाळी हवेने दुसऱ्याचीही जवारी, म्हणजे तारेचा भरीव झंकार, पार बसली होती. तार छेडली की नुसता कोरडा, बोथट आवाज येई. कार्यक्रमाला दोन तास उरले होते. मोबाइलवरचा तंबोरा लावून वेळ निभावून नेऊ, असे एक-दोघांनी सुचवले आणि त्या बिचाऱ्या त्यालाही तयार झाल्या, पण त्यांचा चेहरा उतरलेला आम्हाला दिसत होता. तेव्हा आपल्याला फोन केला. भर पावसात मिरजेहून दुचाकीवर, हत्यारांची पिशवी रेनकोटच्या आत पोटाशी धरून आपण आलात, आणि चहासुद्धा नको म्हणून थेट वाद्यापाशी बसलात.

त्यानंतरचा तास आमच्यापैकी जे माडीवर होते ते विसरणार नाहीत. आपण आधी तारा उतरवल्या, घोडी मूळ जागी बसवली, खुंट्यांना खडू लावून त्या घट्ट केल्या आणि मग घोडीच्या माथ्यावर कानस इतक्या हलक्या हाताने फिरवू लागलात, की पाहणाऱ्याला हात हलतो आहे की नाही, हेही समजू नये. दोन-चार वेळा कानस फिरवायची, तार चढवायची, छेडून ऐकायची, पुन्हा उतरवायची. तार घोडीच्या उतरत्या माथ्याला किंचित घासून झंकारते आणि त्या घासण्यातच सारी जवारी असते. एक केसभर जास्त घासले गेले तर घोडी वाया जाते, हे आपण काम न थांबवता आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाला समजावून सांगत होता. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आपण थांबलात, आणि त्या क्षणी माडीवरचे सगळे बोलणे आपोआप बंद झाले. तंबोरा बोलू लागला होता.

गायिकेने त्या दिवशी पूरिया राग मांडायचा असे आधीच ठरवले होते. पूरियात पंचम (प) नाही, म्हणून पहिली तार निषादात (नी) मिळवायची, आणि वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर गांधार (ग). खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार उत्तम जवारीची असेल तर तिच्यातून गांधार आपोआप उमटतो, त्यालाच आपण स्वयंभू गांधार म्हणतो. त्या रात्री त्यांनी विलंबित ख्यालात प्रथम गांधारावर ठेहराव केला, तेव्हा तो गांधार तंबोऱ्यात आधीपासूनच होता आणि त्यांचा आवाज त्यात अलगद मिसळून गेला. (हे मी संगीताचा जाणकार म्हणून नव्हे, तिसऱ्या रांगेत सतरंजीवर बसलेला श्रोता म्हणून सांगतो आहे.) थोड्याच वेळात त्यांनी खुणेने माइक बंद करायला सांगितला. ऐंशी माणसांच्या त्या माडीवर पुढचे सगळे गाणे ध्वनिक्षेपकाविना झाले, आणि बाहेर पाऊस असूनही शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आले.

मध्यंतरात आपण घरी निघाल असे आम्हाला वाटले होते. पण माणसांच्या गर्दीने माडीवरची हवा बदलली आहे, तारा उतरणार, असे म्हणत आपण पुन्हा पुढे गेलात, बिहाग रागासाठी पहिली तार पंचमात आणून दिलीत, दोरे जरासे सरकवलेत, तारांतले मणी हलवून सूर पक्का केलात आणि भैरवी संपेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिलात. मजुरी विचारली तेव्हा आपण फक्त एका नव्या तारेचे पैसे घेतलेत.

मिरजेच्या तंतुवाद्यांची कीर्ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकरांपासून चालत आलेली ही कारागिरी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे, मिरजेतच राहून गेलेले आणि 1937 साली निधन झाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ, आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना मिळालेले भौगोलिक मानांकन, या सगळ्याचा आम्हाला अभिमान आहेच. तरी ती कारागिरी म्हणजे नेमके काय, हे त्या तासाभरात आपल्या बोटांकडे पाहताना आम्हाला प्रथमच कळले. त्याबद्दल आमच्या मंडळाच्या वतीने आणि त्या रात्रीच्या सर्व श्रोत्यांच्या वतीने आपले अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

दोन विनंत्या आहेत. पुढची बैठक कार्तिकात करण्याचे ठरत आहे. तिच्या निमंत्रणपत्रिकेत गायक आणि साथीदार यांच्या जोडीने ‘तंबोऱ्यांची जवारी’ म्हणून आपले नाव छापण्याची परवानगी द्यावी. या वेळी नकार देऊ नये. दुसरे असे, की वाचनालयाच्या कपाटावर एक जुना मिरजेचाच तंबोरा पडून आहे. त्याच्या भोपळ्याला बारीक तडा गेला आहे. तो दुरुस्त होण्यासारखा आहे का, हे आपण पाहून सांगावे. तो आम्हीच मिरजेला आणून देऊ, आणि त्या दिवशी ज्याला आपण जवारी समजावून सांगितलीत तो मुलगाही सोबत येऊ इच्छितो. काम चालू असताना त्याला शेजारी बसू द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
चिटणीस, वाचनालय संगीत मंडळ, सांगली