आधी यादी चाळून घे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आत्ताच वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. धंद्याचा हिशेब एक्सेलमधून काढून नीट सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं ठरवलंस, हे फार बरं केलंस. पण “जुन्या फायलीतली १८७ खाती रविवारी एकदम आत घेतो आणि सोमवारपासून बिलं करतो” हे वाक्य वाचलं आणि राहवेना. रविवारी आयात करू नकोस. रविवारी ती खात्यांची यादी छापून घे आणि पेन घेऊन बस.

असं का सांगतोय, तेही ऐक. मी पहिल्यांदा यादी आयात केली तेव्हा खाती अकारविल्हे लावली होती. ‘बँक व्याज’च्या खालीच ‘बँकेचं कर्ज’. प्रकाराच्या रकान्यात, म्हणजे खातं देणी, उत्पन्न की आणखी काही हे जिथे लिहितात तिथे, वरचा शब्द खाली ओढताना एक ओळ जास्त ओढली गेली आणि कर्जापुढे ‘देणी’ऐवजी ‘उत्पन्न’ पडलं. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने ओळ बरोबरच होती. कर्जाची रक्कम बँकेत आली त्या महिन्यात नफा-तोटा पत्रक भरघोस दिसलं. त्या आकड्याच्या भरवशावर मी एक माणूस कामावर घेतला. तीन महिन्यांनी लेखापालांनी ताळेबंद उघडला आणि विचारलं, “कर्ज कुठे आहे?” ताळेबंदात कर्ज नव्हतंच. पुढचे सहा महिने त्या माणसाचा पगार वेळेवर देताना माझी झोप उडाली होती. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

तेव्हा सगळ्यात जास्त वेळ प्रकाराच्या रकान्याला दे. मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न आणि खर्च, हे मूळ पाच. पहिल्या तिघांची शिल्लक पुढच्या वर्षात जाते, शेवटची दोन वर्षाअखेर शून्यावर येतात आणि त्यांचा फरक भांडवलात मिळतो. प्रत्येक खात्याला हाच प्रश्न विचार: वर्ष संपल्यावर हे उरणार की संपणार? तू धंद्यातून घरखर्चाला काढतोस ती उचल खर्चात टाकू नकोस, ती भांडवलातून वजा होते. नवं यंत्र ही मालमत्ता, त्याचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, मात्र खर्च. ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम, माल पोचेपर्यंत, देणी. एकदा व्यवहार पडले की काही सॉफ्टवेअर प्रकार बदलूच देत नाहीत, आणि जी देतात त्यांत मागचे अहवालही बदलतात.

आता १८७ चा आकडा. त्यातली बरीचशी ग्राहकांची नि पुरवठादारांची नावं असणार, मला खात्री आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळ्या यादीत जातात आणि खात्यांच्या यादीत फक्त एक ‘येणी’ आणि एक ‘देणी’ असतं; काहींत मात्र प्रत्येक ग्राहकाचं खातं गटाखाली उघडतात. तुझ्याकडे कोणती पद्धत आहे ते आधी बघ. शिवाय सॉफ्टवेअरने काही खाती स्वतःच उघडून ठेवलेली असतात. तुझं ‘येणी’ वेगळं आयात केलंस तर बिलं सॉफ्टवेअरच्या खात्यात जातील आणि जुनी बाकी तुझ्या खात्यात पडून राहील.

वर्षभरात ज्या खात्यात दोन-तीन नोंदी पडल्या ती जवळच्या खात्यात मिळवून टाक. ‘टपाल’, ‘कुरियर’, ‘पार्सल’ तीन कशाला? उलट ज्या खर्चावर तू निर्णय घेतोस, त्याचे मात्र दोन भाग कर.

फायलीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुला जमेल. क्रमांक दे: १००० पासून मालमत्ता, २००० देणी, ३००० भांडवल, ४००० उत्पन्न, ५००० पासून खर्च, आणि मध्ये दहा-दहाची जागा सोड. क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घे, नाहीतर एक्सेल ०१० चं १० करतं आणि १-१० ची चक्क तारीख करून टाकतं. मुख्य खातं पोटखात्याच्या वरच्या ओळीत असू दे, म्हणजे पोटखात्याला आई-बाप सापडतील. फाइल ‘यूटीएफ-८ सीएसव्ही’ या प्रकारातच जतन कर; ती साध्या मजकुराची फाइल असते आणि तिच्यात देवनागरी अक्षरं टिकतात. तसं न केल्यास मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. आणि नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा शोध. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यामुळे ‘प्रवासखर्च’ दोनदा उघडतो आणि वर्षभर अर्ध्या नोंदी इकडे, अर्ध्या तिकडे.

मग एक रिकामी, चाचणीपुरती कंपनी उघड आणि सात-आठच ओळी आत घे. प्रत्येक प्रकाराचं एक खातं, एक पोटखातं, एक मराठी नाव. त्यात एक खोटं बिल आणि एक खोटा खर्च टाकून ताळेबंद आणि नफा-तोटा दोन्ही उघड. सगळं जिथल्या तिथे दिसलं तर मगच पूर्ण फाइल घे.

यादी आयात केल्याने आरंभीची शिल्लक बहुधा येत नाही, हेही लक्षात ठेव. ती जुन्या हिशेबाच्या तेरजेवरून, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीवरून, घ्यावी लागते, शक्यतो वर्षाच्या पहिल्या दिवशी. येणी-देणी मात्र ग्राहकवार, बिलवार घाल. एकच गोळा रक्कम टाकलीस तर कोणाकडून किती यायचंय ते कळणार नाही. नावे आणि जमा जुळलं नाही की फरक उचंत, म्हणजे तात्पुरत्या, खात्यात किंवा आरंभीच्या शिलकीच्या खात्यात जाऊन बसतो. ते खातं शून्य होईपर्यंत नवं बिल करू नकोस, मित्रा. एवढं माझं ऐकच.

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये दुनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहायची) छापून मांडली, तेव्हा त्यानेही व्यापाऱ्याला वह्या उघडण्याआधी आपल्याकडे काय आहे आणि काय देणं आहे याची यादी करायला सांगितलं होतं. तुझा रविवार त्याच कामाचा आहे.

पेनाने खाडाखोड केलेल्या पानांचे फोटो मला पाठव. प्रकाराचा रकाना मी ओळ न् ओळ वाचून काढेन, आणि तुझं ‘बँकेचं कर्ज’ आधी बघेन.

तुझाच,
जुना सोबती