जुनी योगा मॅट सरळ टाकून देऊ नका हो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घरातला पसारा कसा आवरायचा यावर लेख आला होता. चांगला होता, तो वाचून मी एक अख्खं कपाट रिकामं केलं. पण त्यात एक ओळ होती की झिजलेली योगा मॅट, तडे गेलेल्या बादल्या, जुनी पायपुसणी असलं सगळं सरळ टाकून द्या, विचार करत बसू नका. ती ओळ मला खटकली ती खटकलीच, दोन-तीन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. बादल्यांचं मी काही बोलत नाही, पण योगा मॅटच्या बाबतीत तरी जरा विचार करायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

माझी मॅट नऊ वर्षं वापरलेली, जांभळ्या रंगाची. पुढच्या बाजूला दोन्ही तळव्यांच्या जागा गुळगुळीत होऊन चकाकायला लागल्या होत्या, मागे टाचांच्या जागी रंग उडून आतली जाळी दिसत होती. अधोमुख श्वानासनात हात पुढे सरकायला लागले म्हणून बदलली, आणि ते बरोबरच केलं, कारण सरकणाऱ्या मॅटवर हट्टाने आसनं करत राहिलं की मनगट नाहीतर खांदा दुखावतोच. नवीन मॅट आली तशी जुनी मी सुक्या कचऱ्यात ठेवून दिली, प्लास्टिकच तर आहे, जाईल रिसायकलिंगला असं धरून चालले होते. कचरा न्यायला येतात त्या ताईंनी ती उचलली, कोपरा दोन बोटांत धरून ताणून बघितला आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हे कोणी घेत नाही ताई, आम्ही नेलं तरी शेवटी ढिगाऱ्यावरच जाणार."

मग मी ती जमिनीवर पसरली आणि पहिल्यांदाच नीट बघितली. मॅटचं नेहमीचं माप साधारण १७३ सेंटिमीटर लांब आणि ६१ सेंटिमीटर रुंद असं असतं, माझीही तेवढीच. त्यातला खरोखर झिजलेला भाग किती, तर हातांचा पट्टा आणि पायांचा पट्टा मिळून चौथा हिस्सासुद्धा नाही. मधला सगळा भाग जवळजवळ नव्यासारखा, दाबला की परत वर येणारा. म्हणजे ही वस्तू आसनांसाठी संपली होती, वस्तू म्हणून नाही, आणि मला एवढंच सांगायचंय की हा फरक आपण लक्षातच घेत नाही.

ताईंचं म्हणणं खरं का आहे ते मी नंतर वाचून काढलं. स्वस्तातल्या बहुतेक मॅट पीव्हीसीच्या असतात. निव्वळ पीव्हीसीमध्ये वजनाने साधारण ५७ टक्के क्लोरीन असतो, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं, पाइप असतात ना तसं. ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, ज्यात थॅलेट नावाची रसायनं वर्षानुवर्षं वापरली गेली. युरोपियन युनियनने २००५ साली लहान मुलांच्या खेळण्यांमध्ये अशा काही थॅलेटचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर असायला नको असा नियम केला, यावरून काय ते समजा. बरं, पीव्हीसी वितळत नाही का, तर वितळतं, पण पाण्याच्या बाटल्या ज्याच्या असतात त्या पेटबरोबर याचा थोडासा तुकडा जरी मिसळला तरी पेट वितळायच्या तापमानाला पीव्हीसी जळायला लागतं, त्यातून आम्ल सुटतं आणि अख्खा माल पिवळा-तपकिरी पडतो. त्यामुळे कारखाने मॅटला हात लावत नाहीत. शिवाय बऱ्याच पीव्हीसी मॅटच्या पोटात मजबुतीसाठी धाग्यांची जाळी असते, ती वेगळी कोण काढणार.

"माझी तर नैसर्गिक रबराची आहे" असं म्हणणाऱ्यांनाही सांगते, रबराची अडचण वेगळी आहे पण आहेच. रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करतात, १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने शोधून काढलेली तीच पद्धत, आणि एकदा त्याचे रेणू असे एकमेकांना बांधले गेले की ते प्लास्टिकसारखं वितळवून पुन्हा ओतता येत नाही, फार तर दळून चुरा करता येतो, खेळाच्या मैदानांवर अंथरतात तसा. टीपीई म्हणजे रबरासारखं मऊ प्लास्टिक, त्याची मॅट वितळू शकते, पण वरून बघून ती टीपीई आहे की आणखी काही हे सांगणार कोण? कॉर्क किंवा ताग लिहिलेलं असलं तरी खाली बऱ्याचदा रबराचा नाहीतर प्लास्टिकचा थर चिकटवलेला असतो. थोडक्यात रिसायकलिंगच्या भरवशावर बसू नका, आधी वापर वाढवा. आणि एक हात जोडून विनंती, कोणीही ही मॅट जाळू नका, शेकोटीत नाही, पाणी तापवायला नाही, कशालाच नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड निघतो जो डोळे आणि घसा जाळतो, आणि उघड्यावरच्या अर्धवट जळण्यात डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात, जी शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतात.

मग करायचं काय, तर मी काय केलं ते सांगते. पण कापायच्या आधी मॅट धुवा. कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य साबण आणि मऊ फडकं, बास. खूप भिजवू नका, सच्छिद्र मॅट स्पंजसारखी पाणी पिते आणि मग आत कुबट वास धरते. धुतली की जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्या गुंडाळीवर पायाने दाब द्यायचा, पाणी टॉवेलमध्ये उतरतं, मग सावलीत वाळवायची. उन्हात नको, रबराची असेल तर ऊन लागून वरून चुरा पडायला लागतो. धुतल्यावर परत एकदा आसन करून बघा, कारण कधीकधी पकड गेली असं वाटतं ते नुसतं घामाचं आणि तेलाचं पुट असतं, ते निघालं की मॅट आणखी वर्षभर चालते!

कापायला कात्री घेऊ नका असं मी म्हणेन, कड लाटांसारखी वाकडी येते. खडूने रेघ मारायची, त्यावर स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि कागद कापायच्या कटरने हलक्या हाताने तीन वेळा ओढायचं. पहिल्या वेळी वरचं कातडं कापलं जातं, दुसऱ्या वेळी आतली जाळी कुरकुरत तुटल्याचं हाताला जाणवतं, तिसऱ्या वेळी तुकडा सुटा होतो. खाली पुठ्ठा ठेवा नाहीतर फरशीवर ओरखडे येतील. शिवायचं असेल तर मशीनचा पाय मॅटला चिकटून बसतो आणि टाका पुढेच सरकत नाही, त्याला उपाय म्हणजे वर पातळ कागद ठेवून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा. टाका लांब ठेवा, बारीक टाक्याने मॅट पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते.

मधल्या चांगल्या भागातून मी पहिल्यांदा गुडघ्यांखाली घ्यायची गादी केली, दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेने शिवून. कुंड्यांची माती बदलताना, फरशी पुसताना, पलंगाखालचं काही काढताना गुडघे टेकावे लागतात तेव्हा तिचा इतका आराम वाटतो की ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तर आजच करून बघावी. तशीच एक मी त्या कचरा नेणाऱ्या ताईंना दिली, त्यांना खाली बसून तासन्‌तास कचरा वेगळा करायचं काम असतं. त्यांनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, अजून दोघींना लागेल. त्या दोन नंतर मैत्रिणीच्या जुन्या मॅटमधून केल्या.

शिलाई मशीनखाली एक तुकडा घातला, थरथर आणि आवाज दोन्ही कमी झाले. प्रवासाची बॅग, शिडीचे पाय, खुर्चीचे पाय, घट्ट बसलेली बरणीची झाकणं उघडायला तळहाताएवढा तुकडा, अशी कामं एकदा सुचायला लागली की थांबत नाहीत. सगळ्यात चांगला उपयोग मात्र गालिच्याखाली. तुम्हाला गंमत वाटेल पण आजच्या चिकट योगा मॅटची सुरुवातच तिथून झाली, १९८० च्या दशकात अँजेला फार्मर या योगशिक्षिकेने जर्मनीत गालिच्याखाली घालायचं न घसरणारं अस्तर कापून त्यावर आसनं करायला घेतली. म्हणजे मॅट गालिच्याखाली गेली तर ती आपल्या मूळ जागीच गेली! फक्त पॉलिश केलेलं लाकूड किंवा व्हिनाइलची जमीन असेल तर रबर आणि पीव्हीसी दोन्हीचे कायमचे डाग पडू शकतात, तिथे मध्ये सुती कापड घाला नाहीतर घालूच नका. आणि तान्ह्या बाळांना रांगायला, खाण्याच्या वस्तूंखाली किंवा चावायची सवय असलेल्या कुत्र्याला जुनी पीव्हीसी मॅट देऊ नका, तोंडात जाणार असेल तिथे ती नको म्हणजे नको. प्राण्यांच्या निवाऱ्याला द्यायची असेल तरी आधी विचारून द्या, रबराची की कशाची ते सांगून.

मॅट फार झिजली नसेल तर कापूही नका. नवीन मॅटखाली अंथरली तर पाठीवर झोपायच्या आसनांना दुप्पट जाडी मिळते, घट्ट गुंडाळून दोन दोऱ्या बांधल्या की गुडघ्याखाली किंवा पाठीखाली घ्यायचा लोड होतो.

आता ज्यांच्या हातात जास्त आहे त्यांच्यासाठी. मॅट बनवणाऱ्यांनी ती कशाची आहे हे मॅटवरच कोपऱ्यात छापावं, वेष्टनावर नाही, कारण वेष्टन पहिल्याच दिवशी जातं आणि मॅट नऊ वर्षांनी टाकायला निघते. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो तसा इथे का नाही? योगवर्गांनी दाराशी एक मोठी टोपली ठेवून जुन्या मॅट गोळा कराव्यात, पन्नास मॅट एकत्र झाल्या की त्यांचं काहीतरी करता येतं, एकेकट्या मॅटला कोणी विचारत नाही. आणि २१ जूनच्या योगदिनाला कार्यक्रम करणाऱ्यांना कळकळीने सांगते, एका सकाळसाठी नव्या पातळ मॅट वाटू नका, त्या आठवड्याभरात फाटतात. लोकांना घरची मॅट आणायला सांगा, नसेल त्याला सतरंजी चालते.

तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी जागा असेल तर गुडघ्यांच्या गादीची मापं आणि कापायची आकृती मी काढून पाठवते, अर्ध्या तासात होणारं काम आहे.

आपली,
एक नियमित वाचक