विषय : तुमच्या विमानातली कोमट बिअर, बर्फासारखी रेड वाइन आणि तुमच्या हेल्पलाइनचा कालचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि केटरिंग विभाग

महोदय,

काल दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी तुमच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी फोन ठेवला. मी नाही, त्यांनी. हा माझा चौथा फोन होता, म्हणून आता लेखी कळवतो. पीएनआर चार वेळा सांगून झालाय, पाचव्यांदा पाकिटावर लिहिलाय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूर्नबर्गचं चिलवेंटा प्रदर्शन आटोपून मी तुमच्या रात्रीच्या विमानानं मुंबईला परतत होतो. चिलवेंटा म्हणजे रेफ्रिजरेशनच्या यंत्रांचं प्रदर्शन, दोन वर्षांतून एकदा भरतं. जगभरची माणसं तिथं वस्तू गार कशी ठेवायची एवढंच बघायला येतात. त्या प्रदर्शनाहून घरी निघालेल्या माणसाच्या हातात तुम्ही १९.४ अंशांची बिअर दिलीत.

हा आकडा अंदाजानं लिहिलेला नाही. बेळगावच्या उद्यमबागेत माझं वर्कशॉप आहे. खानापूर ते निपाणी, दूध डेअऱ्यांचे बल्क कूलर, म्हणजे दूध गार ठेवायच्या टाक्या, दुरुस्त करण्यात एकतीस वर्षं गेली. पेनासारखा डिजिटल थर्मामीटर शर्टाच्या खिशात कायम असतो. सिक्युरिटीत तो ट्रेमध्ये काढून ठेवला होता, त्यांनी बघून परत दिला. दुधाचा टँक ४ अंशांवर नसला तर गवळी माझ्या दारात येऊन बसतो. तुमच्या दारात कोण बसतं?

लागर बिअर ४ ते ७ अंशांत द्यायची आणि रेड वाइन १५ ते १८ अंशांत, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच मेन्यूकार्डावर बिअरपुढं ‘चिल्ड’ असं छापलंय. डबा उघडला तेव्हा फस्सकन फेस वर आला आणि शेजारच्या गृहस्थांच्या पुलावात सांडला. येणारच की. कोमट बिअरमध्ये वायू नीट धरून राहत नाही, त्यात केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा. खाली जमिनीवर एक वेळ कोमट डबा खपून जाईल, वर नाही. म्हणजे जिथं बिअर जास्त गार हवी, नेमकी तिथंच तुम्ही ती कोमट देता. उरलेला अर्धा डबा प्यायलो. चव सांगू? पावसात भिजलेल्या पोत्याला वास येतो तशी.

क्रूमधला मुलगा सभ्य होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘बर्फ घालून देऊ का सर?’ म्हणाला. बिअरमध्ये बर्फ घालणाऱ्याला आमच्याकडं काय म्हणतात ते पत्रात लिहिता येण्यासारखं नाही. मी म्हटलं राहू दे, रेड वाइन आण. त्यानं छोटी बाटली आणली आणि ती हातात घेतली तर बोटं बधिर! बाटलीवर दव जमलेलं. मोजली, ५.६ अंश. गार रेड वाइनचा वास बसून जातो आणि तुरटपणा तेवढा वर येतो. विमानातल्या कोरड्या हवेत नाक आधीच अर्धं बंद, वरून ही वाइन. कारल्याचा रस तरी औषधी असतो.

म्हणजे जी गार हवी ती कोमट आणि जी गार नको ती बर्फासारखी. दोन्हींची नुसती जागा बदलली असती तरी तुमची लाज राहिली असती. टॉयलेटच्या रांगेत उभा असताना गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, डोळ्यांनी बघितलं : वाइनच्या ट्रॉलीच्या ड्रॉवरमधून ड्राय आइसचा पांढरा धूर येत होता आणि बिअरचे डबे ओव्हनच्या शेजारच्या कप्प्यात होते. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश. त्याला टेकून बाटली ठेवली तर ती गोठायचीच बाकी राहते. एक पुठ्ठा मध्ये घातला असता तरी चाललं असतं. एक पुठ्ठा, महोदय!

आता कालच्या फोनबद्दल. बाई हिंदीत बोलत होत्या, मी मराठीत लिहितो.

‘सर, बिअर घेतली का?’
‘घेतली.’
‘संपवली का?’
‘अर्धी.’
‘म्हणजे कन्झ्यूम झाली.’ मग बराच वेळ कीबोर्डचा आवाज. ‘सर, बिअर आणि वाइन कॉम्प्लिमेंटरी आहेत. कॉम्प्लिमेंटरी आयटमवर क्वालिटीची कम्प्लेंट घेता येत नाही.’
मी म्हटलं, तिकिटाचे ७१ हजार मी दिलेत.
‘ते सीटचे, सर.’

बरं. सीटचे म्हणू. मी शांतपणे आकडे सांगितले, बिअर १९.४, वाइन ५.६. बाई थांबल्या.
‘हे तुम्हाला कसं कळलं, सर?’
‘मोजलं.’
‘कशानं?’
‘थर्मामीटरनं.’
पुन्हा शांतता. मला वाटलं, आता लिहून घेताहेत. मग काळजीच्या स्वरात विचारतात, ‘सर, प्रवासात तुम्हाला ताप होता का?’

मी म्हटलं, ताप मला नव्हता, बिअरला होता. त्यावर त्या म्हणाल्या की प्रकृती बरी नसेल तर चेक-इनच्या वेळी तसं सांगायला हवं होतं, आणि ‘मेडिकल’ या सदराखाली तक्रार नोंदवू का. मेडिकल! दोन वेळा समजावलं की थर्मामीटर बिअरमध्ये घातला होता, तोंडात नाही. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा बाई म्हणाल्या, ‘सर, आवाज वाढवू नका.’ माझा आवाज तसाच आहे. एकतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून बोलतोय.

त्याआधी पत्त्यावरूनही पंधरा मिनिटं गेली होती. सिस्टीममध्ये ‘बेळगावी’ दिसतं, तुम्ही ‘बेळगाव’ म्हणता, हे एकच शहर का, आणि राज्य कुठलं टाकू? या प्रश्नावर आमच्याकडं १९५६ पासून बोलणं चालू आहे, बाई, ते तुमच्या हेल्पलाइनवर मिटायचं नाही. पिनकोड घाला आणि पुढं चला, म्हटलं. तुमच्या भाषांच्या यादीत मराठी नाही म्हणून पहिल्या फोनला मी कन्नडचं बटण दाबलं होतं. तिथल्या साहेबांपेक्षा माझं कन्नड बरं निघालं. ते शेवटी इंग्रजीवर आले.

चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरलं की रस्त्याकडेच्या कुठल्याही बारात पोरगं बाटली देण्याआधी तिला तळवा लावून बघतं. गार नसली तर आपणच परत ठेवतं आणि खालून दुसरी काढतं. त्या पोराकडं डीप फ्रीजर जुनाट, लाइट जाते-येते, पगार काय असेल ते असेल. तुमच्याकडं कोट्यवधींचं विमान आहे. बाहेर उणे ५० अंशांची हवा आहे. अख्ख्या आभाळाचा फ्रिज भोवती असताना तुम्हाला एक डबा गार करता येत नाही?

वाईट कशाचं वाटतं ते सांगतो. बायकोला पहिल्यांदा परदेशी नेलं ते तुमच्याच विमानानं. तेव्हा व्हाइट वाइन नीट गार होती, ग्लास काचेचा होता, आणि तिनं आयुष्यातली पहिली वाइन तिथं घेतली. पुढं कित्येक वर्षं घरी पाहुणे आले की ती तुमचं नाव घ्यायची. यंदा परत आल्यावर विचारलंन, ‘कशी होती?’ मी काय सांगू?

मला फुकटचं तिकीट नको, व्हाउचर तर नकोच. तुमच्या केटरिंगचा जो कोण जबाबदार माणूस असेल त्यानं दोन ओळींत लिहून द्यावं की बिअर १९.४ अंशांवर का होती आणि वाइन ५.६ वर का होती. पंधरा दिवस थांबतो. नंतर विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर घालणार आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथंच तक्रार करता येते, आणि ५ लाखांच्या आतल्या रकमेला फीसुद्धा लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र इथं यावं लागेल. आल्यावर त्याला गार बिअर मी पाजीन.

माझं वर्कशॉप पूर्वीच्याच पत्त्यावर आहे. फोन करणार असाल तर सकाळी ११ नंतर करा, त्याआधी मी डेअरीत असतो. मराठी बोलणारं कुणी नसलं तर कन्नड चालेल. ताप विचारणाऱ्या बाई मात्र नकोत.

आपला,
एक जुना प्रवासी
उद्यमबाग, बेळगाव

ता. क. : थर्मामीटरचा फोटो सोबत जोडलाय. आकडा नीट दिसतो. मागं तुमचा लोगोही आलाय.