हवेलीत शिरलेल्या नायिकेचे पुढे काय होते?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत येणाऱ्या नवोदितांच्या कथा मी नेमाने वाचते. सोलापुरातील एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझी सारी नोकरी झाली. त्या काळात आणि निवृत्तीनंतरही कथास्पर्धांच्या पहिल्या फेरीचे वाचन माझ्याकडे येत राहिले, त्यामुळे आपल्या शहरातली आणि जिल्ह्यातली मुले काय लिहितात हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्यांच्या कथांतून एक पात्र मला वारंवार भेटते आणि दर वेळी अनोळखीच राहते. त्या पात्राविषयी हे पत्र आहे.

ही मोठ्या घरची मुलगी. तिची गाडी कॉलेजच्या फाटकाशी थांबते, काच खाली होते, नायक पाहत राहतो. ती एकदा हसते, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाकडे पाहून. शेवटच्या पानावर तिच्या दारी लग्नाचा मांडव असतो आणि नायक त्याच्या बाहेरून पायी घरी निघतो. या मुलीला भाऊ नसतो, आजी नसते, परीक्षेची धास्ती नसते, कधी भूक लागत नाही, कधी कंटाळा येत नाही. तिच्या डोळ्यांवर पानभर मजकूर असतो, पण त्या डोळ्यांना काय दिसते याविषयी एक ओळही नसते.

हे पात्र मुलांनी सिनेमातून उचलले, असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण ते याच गावात दोनशे वर्षांपासून आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेल्या शाहीर राम जोशींची ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही लावणी अजूनही लोकांच्या ओठांवर आहे. तिच्या आरंभी काय घडते ते पाहावे. सुंदरा मनात भरते, जराही थांबत नाही आणि हवेलीत शिरते. तिच्या भांगात मोती आहेत. पाहणारा बाहेर राहतो आणि तिच्या रूपाची वर्णने सुरू होतात. लावणीला ते शोभते. ती फडात गायची रचना आहे. पाहणाऱ्याची तगमग ठेक्यात बांधून श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे हे तिचे काम आणि राम जोशींनी ते अप्रतिम केले आहे. कथेचे काम मात्र वेगळे आहे. कथेने हवेलीचे दार ढकलून आत जावे, अशी माझी अपेक्षा आहे, आणि आपल्या कथा दोनशे वर्षांनंतरही त्याच उंबऱ्याबाहेर उभ्या आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काही वर्षांपूर्वी वाचलेली एक कथा मी विसरू शकत नाही. नायकाची आई विड्या वळणारी. सोलापुरात ही नवलाची गोष्ट नाही. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन दिवसभर बसणाऱ्या आणि हजार विड्यांमागे मजुरी मिळवणाऱ्या बायका पूर्व भागात घरोघर आहेत. कथेतली श्रीमंत मुलगी विडीच्या कारखानदाराचीच होती. तिच्या ओढणीला, चपलांना, तिच्या बंगल्यावरच्या बोगनवेलीला लेखकाने तीन पाने दिली होती आणि आईला एक वाक्य: ‘आई विड्या वळत होती.’ त्या ओढणीचा पैसा त्याच सुपातून गेला होता, हे लेखकाच्या ध्यानातही आले नव्हते. मुलगा कसदार लिहिणारा होता, म्हणून मला अधिक हळहळ वाटली. त्याच्या हाताशी एक मोठी कथा होती आणि ती त्याने बोगनवेलीपाशी सोडून दिली.

त्याला मी चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी वाचायला सांगितली होती. १८६०-६१ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत लोहाराच्या घरी वाढलेला पिप हा पोरका मुलगा एका धनाढ्य बाईच्या वाड्यात जातो, तिथे वाढणारी एस्टेला त्याच्या राठ हातांना आणि जाड बुटांना हसते, आणि त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या घराची, मायेने सांभाळणाऱ्या लोहाराचीसुद्धा लाज वाटू लागते. पुढे त्याला अज्ञात दात्याकडून पैसा मिळतो. तो वाड्यातूनच येतो आणि एस्टेला आपल्यासाठीच राखून ठेवली आहे, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात तो पैसा एका हद्दपार कैद्याने कष्टून मिळवलेला असतो. एस्टेलाही त्याच कैद्याची मुलगी निघते. ज्या मुलीसाठी पिपने आपले घर कमी लेखले, तिचा जन्म त्या घराहूनही खालच्या पायरीवरचा ठरतो. डिकन्सने तिला सुंदर आणि अप्राप्य ठेवलेच, पण पैसा कुठून आला आणि ही मुलगी अशी कुणी घडवली, हे दोन प्रश्न त्याने सोडले नाहीत. पुरुषांची मने मोडण्यासाठीच आपल्याला वाढवले गेले, हे एस्टेला स्वतः जाणते आणि बोलून दाखवते. आपल्या कथांतल्या मुलीला असे एक तरी वाक्य मिळावे.

आता एक आठवण सांगते. बरीच जुनी आहे, आणि कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील मोजकेच देते. एका मोठ्या व्यापारी घराण्यातली सून दुपारच्या वेळी आमच्या वाचनालयात येत असे. गाडी बाहेर थांबे. ती आत आली की वृत्तपत्रांच्या टेबलावर बसलेली तरुण मुले पाने उलटायची थांबत. त्यांच्या दृष्टीने ती साक्षात कादंबरीतून उतरलेली होती. तिच्या वर्गणीवर एका वेळी एकच पुस्तक मिळे आणि ते दोन दिवसांत वाचून होई, म्हणून मी तिला वरच्या वर्गाचे सभासदत्व घ्यायला सुचवले. वाढीव अनामत अगदी किरकोळ होती. ती क्षणभर गप्प राहिली आणि हळूच म्हणाली, “घरी मागावे लागतील, आणि मग कशाला हवेत ते सांगावे लागेल. एकच राहू द्या.” तिच्या हातातल्या पाटल्या टेबलावर टेकलेल्या होत्या. एवढे सोने अंगावर असलेल्या बाईकडे स्वतःच्या मर्जीने खर्च करायला काही नव्हते, हे माझ्याखेरीज त्या खोलीत कुणालाही कळले नाही.

त्याच मुलांपैकी एकाने तिच्यावर बेतलेली कथा लिहिली आणि ती एका दिवाळी अंकात आली. योगायोगाने तो अंक तिनेही नेला. परत करताना ती म्हणाली, “बाई, ही गोष्ट चांगली आहे, पण हिला कुणी काही विचारलंच नाही हो.” नायिका आपणच आहोत हे तिला समजले होते की नाही, मला सांगता येणार नाही. मी विचारले नाही.

म्हणून मला वाटते की ‘श्रीमंत स्त्री’ हा शब्दच आपण तपासून पाहावा. आपल्या कथांमधली ही स्त्री बहुतेक वेळा श्रीमंत नसतेच; ती श्रीमंताची मुलगी किंवा सून असते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला तरी एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मतः सहहिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली तो हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभरासाठीची दुरुस्ती २००५ साली आली आणि त्या वेळी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. एवढे होऊनही हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. माहेर तुटू नये, भाऊबीजेला दार उघडे राहावे, एवढ्यासाठी त्या सही करतात. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही आणि बँकेच्या पुस्तकावर जिची सही चालत नाही, अशा मुलीला कथेत मात्र सगळ्या ऐश्वर्याची धनीण करून बसवायचे आणि नायकाला ती मिळाली नाही याबद्दल तिलाच निष्ठुर ठरवायचे, हा अन्याय आहे. नायकाच्या दारिद्र्याचा हिशेब कथा आण्यापैशांत मांडते. तिच्या परावलंबनाची तिथे नोंदसुद्धा नसते.

या पात्राचा उल्लेख निघाला की इंग्रजी वाचणारी मंडळी एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या १९२५ सालच्या कादंबरीतल्या डेझीचा दाखला देतात. तिच्या आवाजात पैसा भरलेला आहे, हे तिच्यावर जीव जडलेल्या गॅट्सबीचे वाक्य सर्वांना आठवते. पण त्याच कादंबरीत, मुलगी झाल्याचे कळले तेव्हा ही पोर मूर्ख निघावी, या जगात मुलीने तसेच असलेले बरे, असे आपण म्हणालो होतो, हे डेझी स्वतः सांगते. ते मात्र फारसे कुणी आठवत नाही. गॅट्सबीने जवळजवळ पाच वर्षे मनात वाढवलेल्या स्वप्नाला ती कमी पडली आणि तो दोष तिचा नव्हता, हेही निवेदक नोंदवून ठेवतो. अनुकरण करणाऱ्यांनी त्या कादंबरीतला, खाडीपलीकडे डेझीच्या घराच्या धक्क्यावर दिसणारा हिरवा दिवा घेतला आणि ही नोंद तिथेच ठेवली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी त्या परक्या कादंबऱ्यांत शोधून सापडणार नाही. आपल्या कथांत ‘श्रीमंत’ या शब्दाआड पुष्कळदा जात लपलेली असते. मुलगी का मिळाली नाही, याचे उत्तर ‘तिचा बंगला होता आणि माझे पत्र्याचे घर’ असे दिले की लेखकाची सुटका होते. नायकाला उद्या नोकरी लागली, त्याने बंगला बांधला, तरी ते दार उघडणार नव्हते, हे लेखकाला पक्के ठाऊक असते, पण तो ते लिहीत नाही. भीती मी समजू शकते. तरीही पैशाची भिंत रंगवून जातीची भिंत झाकणारी कथा वाचकाची आणि त्या मुलीचीही फसवणूक करते, कारण त्या भिंतीचा मार घरात राहून तिलाही बसणार असतो.

हे धैर्याने दाखवणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातून, करमाळा तालुक्यातून आला, याचा मला अभिमान वाटतो. नागराज मंजुळे यांच्या २०१४ साली प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’ या चित्रपटात जब्या या शाळकरी मुलाच्या मनातली शालू जवळजवळ निःशब्द आहे. आपण तिला जब्याच्या डोळ्यांनीच पाहतो. पण तो चित्रपट जब्याच्या नजरेविषयी आणि त्या नजरेला बसलेल्या जातीच्या चटक्याविषयी आहे, याचे पूर्ण भान त्याला आहे, म्हणून तिथे तिचे गप्प असणे खोटे वाटत नाही. दोन वर्षांनी आलेल्या ‘सैराट’मध्ये मात्र पाटलाची मुलगी आर्ची स्वतःच्या इच्छेने वागते, बुलेट चालवते, आपणहून बोलते आणि मुख्य म्हणजे हवेलीतून बाहेर पडल्यावर तिचे काय होते, ते आपल्याला दिसते. हैदराबादच्या वस्तीतली ती खोली, घराच्या आठवणीने येणारे रडू, कारखान्यातले काम, हळूहळू अंगवळणी पडणारी परकी भाषा हे सगळे तिच्या बाजूने मांडलेले आहे. शेवटी माहेरचीच माणसे येऊन काय करतात, ते सांगायला नको. ‘अप्राप्य’ या गोड शब्दाचा आपल्या भूमीतला खरा अर्थ काय, हे त्या शेवटानंतर तरी नवोदित लेखकांच्या ध्यानात यायला हवे होते. त्यांनी उचलली ती बुलेट आणि विहिरीतली उडी.

नव्या लेखकांना मी दूषणे देते आहे, असा गैरसमज मात्र होऊ नये. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला गाडीच्या काचेपलीकडचे माणूस अप्राप्य वाटते, तेव्हा त्याला होणारे दुःख खरे असते, आणि आपल्या कपड्यांची पहिली लाज तशाच एखाद्या दुपारी वाटते. ते त्याने लिहिलेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की ते लिहिताना ते दुःख आपले आहे, हे त्याने जाणून असावे आणि काचेपलीकडे बसलेल्या मुलीचे दुःख काय असेल, याची निदान एकदा चौकशी करावी. तिच्या वडिलांचा धंदा काय, त्यात कोण राबते, तिचे लग्न कुणी ठरवले, ठरवताना तिला विचारले का, तिच्या नावावर काय आहे, एवढे जरी लेखकाला माहीत असले, तरी ती बाहुली राहणार नाही. यातले कथेत काहीच आले नाही तरी चालेल. लेखकाला माहीत असले की ते वाक्यावाक्यातून जाणवते.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक विनंती आहे. पुरवणीत कथेसाठी जी जागा आपण राखता, त्यातली महिन्यातून एक जागा अशा घरांतल्या स्त्रियांच्या स्वतःच्या लेखनासाठी द्यावी. कथा असो वा अनुभव, आणि त्यांची इच्छा असेल तर टोपणनावाने. घरी कळू नये म्हणून पत्रव्यवहार वाचनालयाच्या पत्त्यावर चालत असेल, तर निवडलेले लेखन गोळा करून आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे काम मी आनंदाने करीन. आणि पहिल्या लेखिकेला जे मानधन द्याल, ते कृपया तिच्या हातात रोख द्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
सोलापूर