गर्दी दिसते, पण थाळीमागे उरतं किती?

मुंबईत पोळीभाजी केंद्रं उघडतात तशी भराभर बंदही पडतात. चव चांगली, गिऱ्हाईक भरपूर, तरी भाडं थकतं. बहुतेकदा कारण एकच: एका थाळीमागे हातात काय उरतं, हे सुरुवातीला मांडलेलंच नसतं.

समजा, थाळी १२० रुपयांची. शिधा आणि गॅस ५०, डबा-पिशवी ८. गिऱ्हाईक दारात आलं तर ६२ उरतात. तीच थाळी डिलिव्हरी अ‍ॅपवरून गेली आणि कमिशन २५ टक्के असलं, तर ३० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ५.४० वजा, उरले २६.६०. पाच टक्के जीएसटी आकारणाऱ्या उपाहारगृहाला त्या कराची वजावटही मिळत नाही. आता गाळ्याचं भाडं ४० हजार, दोन मदतनीस ३० हजार, वीज ६ हजार धरा. महिन्याचे २६ दिवस धरले तर एवढा खर्च निघायला दारातून रोज ४८ थाळ्या पुरतात, अ‍ॅपवर ११० लागतात. मालकिणीची मेहनत यात धरलेलीच नाही! वर २० रुपयांची सवलत पदरची दिली की थाळीमागे जेमतेम ६.६० राहतात.

म्हणून आगाऊ पैशांचे महिनेवारी डबे आधी बांधावेत, अ‍ॅप नंतर. कार्यालयांना उधारीवर जेवण देणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची सूक्ष्म-लघुउद्योग नोंदणी, करावीच. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकते करणं कायद्याने बंधनकारक आहे.

– लघुउद्योग हिशेब सल्लागार, दादर